मागच्या खोलीतला हुंकार

१

सकाळचा चहा झाला की ही बोलायला लागते आणि मी "हुं" म्हणतो. आमच्या घराची घडी अशीच बसलेली आहे. डोळे होते तेव्हाही ही बोलायचीच, पण तेव्हा भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना. अर्धं बोलणं भिंतींना जायचं. काचबिंदूने दोन्ही डोळे घेतले आणि सगळं बोलणं माझ्या अंगावर आलं. तक्रार नाही माझी. नळ वाहत असला की आपलं लक्ष जात नाही, तसं ते.

तिला एवढंच हवं असतं की समोर माणूस आहे. दिसत नाही, तर कळणार कसं? म्हणून हुं. मागच्या खोलीत तिची खाट आणि खाटेसमोर माझी खुर्ची. बैठक मीच भरलेली, काथ्या ठासून. मी सोफ्यांचा मिस्त्री. रस्त्यापलीकडे दुकान आहे, अजून रोज जातो, कारण घरी बसून माणूस सडतो.

पोरगा पुढच्या खोलीत बसून राक्षस काढतो. थट्टा नाही, तेच त्याचं काम. कॉम्प्युटरवर खेळायचे गेम असतात, त्यात हिंडायला राक्षस लागतात. लग्नाचं विचारलं की म्हणतो, हा राक्षस संपू दे.

एकदा त्याने माझ्या तोंडासमोर माइक धरला.

"बाबा, हुं म्हणा."

"का?"

"म्हणा तर."

"हुं."

"हे रागाचं झालं. आता ऐकतोय असं दाखवायचं, पण लक्ष दुसरीकडे. तसं."

आतून ही ओरडली, "त्यांची सगळी तसलीच असतात रे! कुठलंही घे!"

दोघं हसले. मीही मग झोपेतलं, जेवतानाचं, कंटाळ्याचं, असली बरीच हुं काढून दिली. विचारलं, हे कशाला? तर म्हणाला, आजी सांगायची ना, गोष्ट ऐकणारं पोर झोपलं आणि तरी हुंकार येत राहिला तर गोष्ट तिथंच थांबवायची, त्यावरून केलाय. नाव हुंकाऱ्या. खेळणारा एका मोठ्या रिकाम्या घरात एकटाच बोलत फिरतो आणि मागून हा हुं म्हणतो.

"आणि मारतो कसा?"

"मारत नाही."

"मग राक्षस कसला डोंबलाचा?"

"ऐकतो तो, बाबा," पोरगा म्हणाला.

असल्या गोष्टींना लोक भितात म्हणे. मला तर कीव आली.

२

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी दुपारी जेवायला घरी येत होतो. जिना चढताना हिचा आवाज आला. धाकट्या बहिणीचं काहीतरी चाललं होतं, तिच्या गुडघ्यांचं. वाक्य संपलं. आणि "हुं."

माझं हुं. माणसाला स्वतःचा आवाज ओळखता येत नाही म्हणतात. सपशेल खोटं. मी तिथंच कठड्याला धरून उभा राहिलो. ही पुढे बोलली. परत हुं. हे जरा लांबलेलं, मी पाय वर घेऊन नीट बसतो ना, तेव्हा येतं तसं.

मी म्हटलं, पोरगा आपलं यंत्र वाजवून बघतोय. आईला फसवतो म्हणजे काय? दोन शब्द सुनवायचे म्हणून पुढच्या खोलीत गेलो तर पोरगा नव्हता. कॉम्प्युटर बंद. वरून फडकं टाकलेलं.

मागच्या खोलीत ही खाटेवर, तोंड खुर्चीकडे.

"मग काय करायचं म्हणता?" तिने विचारलं.

"कशाचं?"

"अहो, आत्ता एवढं सांगितलं ना! हुं हुं करत होतात आणि आता कशाचं विचारताय?"

"मी आत्ता येतोय दुकानातून."

"काहीतरीच," ती म्हणाली. "उठलात आणि दारापर्यंत जाऊन आलात, तेवढंच."

मी खोली धुंडाळली. खाटेखाली, उशीखाली, कपाटाच्या मागे. म्हटलं, कुठंतरी मोबाइल चिकटवून गेलेला असणार कार्टं. काही नाही. ही विचारतेय, काय शोधता? मी म्हटलं, चष्मा. चष्मा माझ्या नाकावर होता. तिला काय दिसतंय?

३

संध्याकाळी पोरगा आला तसा मी त्याला पकडला.

"माझे आवाज कुठे ठेवलेत?"

"कुठले? ते हुं? ऑफिसात असतील. घेतले नाहीत ते. साहेब म्हणाले, हे ऐकून भीती वाटत नाही, भांडावंसं वाटतं."

"मग दुपारी कोण वाजवत होतं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर पाहतात तसं. मला ते पाहणं आवडलं नाही.

"बाबा, दुपारी तुम्हीच होतात की आत. मी निघताना विचारलं, कडी लावून घेताय ना? तुम्ही हुं म्हणालात."

"मी दुकानात होतो."

"बरं."

हे "बरं" मला ठाऊक आहे. शेजारच्या गल्लीतला घड्याळवाला डोक्याने गेला, तेव्हा त्याचा मुलगा त्याला दिवसभर बरं, बरं करायचा.

मी म्हटलं, दाखव तुझा राक्षस. त्याने कॉम्प्युटर सुरू केला. एक काळोखी खोली, त्यात खुर्ची, खुर्चीत पाठमोरं काहीतरी बसलेलं. रुंद पाठ, खांदे पडलेले. एक पाय वर घेऊन मांडीखाली दाबलेला.

"असं बसायला तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. तुम्ही बसता ना असे. बसल्या बसल्या काढलं."

"याचं तोंड?"

"नाहीये. वळतच नाही तो."

"केलं असशील आणि लपवत असशील."

"बाबा," तो म्हणाला, "नाहीये म्हटलं ना."

त्या चित्रात मी जरा जास्तच बघत राहिलो असेन, कारण त्याने ते बंद करून टाकलं. त्या रात्री जेवताना माझा संशय तिघांवर फिरत होता. पोरावर, हिच्यावर आणि थोडा माझ्यावर. पोरगा थट्टा करतोय. नाहीतर हिचं डोळ्यांपाठोपाठ डोकं चाललंय. नाहीतर मी घरी येऊन बसतो आणि विसरतो. तिसरं मला पटेना. मी विसरणारा माणूस नाही. कुठल्या गिऱ्हाइकाला कुठलं कापड लावलं, ते अजून सांगेन.

४

सापळा लावायचं ठरवलं. दुकानाला निघतो असं म्हणालो, चपला वाजवत जिना उतरलो. खाली आमच्या शिंप्याचं मशीन चालतं, अगदी जिन्याच्या तोंडाशी. तो म्हणाला, "मिस्त्री, आज उशीर?" मी त्याला गप्प राहायची खूण केली, चपला त्याच्याकडे ठेवल्या आणि अनवाणी वर आलो. तो बघतच राहिला. पोरगा ऑफिसात होता, त्याची मी फोन करून खात्री केली होती. म्हणजे एक संशयित कमी.

स्वयंपाकघरातून मागच्या खोलीकडे जायला चिंचोळी वाट आहे. तिथं पाठ टेकून उभा राहिलो.

बराच वेळ काही नाही. फक्त खालचं मशीन. मग खुर्ची करकरली. बसलं कोणी की तिचा मागचा डावा पाय करकरतो. हिचं वजन सुपाएवढं, आणि ही तर खाटेवर. पाय खाली सोडले की तिची खाट आवाज करते, तो मला ऐकू आला असता.

"आलात?" ही म्हणाली.

"हुं."

मी हललो नाही. म्हटलं, ऐकू तर दे.

ही नेहमीचं बोलली. दात दुखतोय. स्वप्नात माहेरची विहीर आली. प्रत्येक ठिकाणी हुं, अगदी जिथं हवं तिथं. माझं बऱ्याचदा चुकतं, वाक्य संपायच्या आधी पडतं आणि ही चिडते. याचं एकदाही चुकलं नाही.

मग ही आवाज खाली आणून म्हणाली, "एक सांगू? रागावणार नसाल तर. मला तुमचा चेहरा आठवेनासा झालाय. आवाज ऐकते तेव्हा आठवायला बघते. काहीच येत नाही. नुसतं पांढरं."

"हुं."

"रागावलात?"

आणि माझा आवाज म्हणाला, "नाही."

हळू म्हणाला. मी असा कधी बोलत नाही. मला बोलताच येणार नाही असं.

मी खोलीत घुसलो. खुर्ची रिकामी. पण बैठक दबलेली होती, मध्यभागी, खोल. काथ्या लगेच वर येत नाही, दमादमाने येतो. माझ्या डोळ्यांसमोर ती बैठक हळूहळू वर आली आणि सपाट झाली.

"आता कोण आलं?" हिने विचारलं.

५

तिला सगळं सांगितलं. आधी हसली. मग विहिरीचं आणि चेहऱ्याचं मी बोललो तशी हसायची थांबली.

"तुम्ही दाराआडून ऐकत होतात?"

"ते महत्त्वाचं आहे का आता?"

"मग समोर कोण होतं?"

तिने हात पुढे केला, माझं तोंड चाचपायला. मी तो बाजूला केला. म्हटलं, पोरकटपणा नको, नीट ऐक. आजपासून मी या घरात हुं म्हणणार नाही. मेलो तरी नाही. मी सगळं वाक्य बोलेन. हुं ऐकू आलं की समज तो मी नाही. बोलणं तिथंच बंद. आणि मी घरात नसेन तेव्हा मागच्या खोलीला आतून कडी घालायची. माझ्या आवाजात कोणीही हाक मारली तरी एकदम उघडायचं नाही.

"मग तुम्ही आलात हे कळणार कसं?"

"मी बोलेन ना! तुला कळेल."

खुर्ची मी त्याच दिवशी खाली नेली आणि बैठक फाडून टाकली. आत काथ्याच होता. दुसरं काय असणार? पण फाडून बघितलं.

आणि मी बोलायला लागलो. जीभ सुजेपर्यंत. दुकानात कोण आलं, कोणाच्या सोफ्यात काय सापडलं, कोणी कापडावरून डोकं खाल्लं, सगळं. ही खूश.

"एवढे शब्द होते होय तुमच्याकडे? कुठे दडवून ठेवले होते?"

"टोमणे मारू नकोस, नाहीतर बंद करेन."

"नको नको. बोला."

घरात हुं बंद झालं. खरंच बंद झालं. पोरगाही म्हणाला, बाबा, तुम्ही सुधारलात. तो हसत होता, पण मला बघून नव्हे, सुटल्यासारखा. मी बडबडतच राहिलो. खोली कशी भरून टाकायची. जागाच ठेवायची नाही.

मग एका सकाळी ही म्हणाली, "काल दुपारचं ते राहूनच गेलं. त्या आंधळ्या शिंपिणीचं पुढे काय झालं?"

"कुठली शिंपीण?"

"तुम्ही सांगत होतात ना, ती नवऱ्याला त्याच्या शिवणीवरून ओळखायची."

मला अशी कुठलीही शिंपीण ठाऊक नाही. काल दुपारी मी दुकानातच होतो.

"त्याने हुं म्हटलं का?" मी विचारलं.

"नाही हो. एकदाही नाही. तुम्हीच होतात. चांगलं तासभर बोलत बसलात."

मी तेव्हा कुठं भ्यालो. आतापर्यंत मला राग होता, संशय होता, भीती अशी नव्हती. त्याला आधी माझं नुसतं हुंच ठाऊक होतं. बाकीचे शब्द मी त्याला रोज सकाळ-संध्याकाळ, मोठ्याने, हातवारे करून पुरवत होतो.

६

दुकान बंद करून घरीच बसायचं, असं ठरवलं. फक्त एका गिऱ्हाइकाची गादी अर्धी उसवलेली होती, ती शिवून द्यायला गेलो. ऊन होतं. रस्त्यावर माणसं होती. उसवलेल्या कापडातून कुणाची तरी कानातली सापडली, गादी न्यायला आलेल्या बाईने ती बघितल्याबरोबर रडायलाच घेतलं. म्हटलं, घरी गेलो की हे हिला सांगू. तिला असलं आवडतं.

वर आलो तर मागच्या खोलीचं दार आतून लावलेलं. सांगितल्याप्रमाणे. बरं वाटलं. हाक मारायला तोंड उघडलं, आणि आतून माझा आवाज आला.

"...आणि कानातली हातात घेतल्याबरोबर बाई रडायलाच लागली."

"अगं बाई!" ही म्हणाली. "कोणाची असतील?"

मी दारावर दोन्ही मुठी आपटल्या. "अगं, दार उघड! मी आहे!"

आत सगळं थांबलं.

"कोण?"

"मी! अगं, मी!"

"बघ," आतला आवाज हळू म्हणाला, "तुला सांगितलं होतं ना, माझ्या आवाजात हाक मारेल."

"अहो, किती तुमच्यासारखा बोलतो हा," ही म्हणाली. तिचा आवाज थरथरत होता. मला घाबरून थरथरत होता. माझ्या घरात, माझ्या दारात उभं राहून मी हे ऐकलं.

"अगं, तुझ्याजवळ आहे तो मी नाही! खाटेवरून उतर, भिंत धरून दाराशी ये!"

मग ती दाराच्या जरा जवळून बोलली. हुशार आहे ती, पहिल्यापासून. "तुम्ही हे असाल, तर एवढं सांगा. माझ्यासमोर बसून तुम्ही जे ऐकलंत, त्यातलं काहीही सांगा. दाराआडून ऐकलेलं नको. समोर बसून ऐकलेलं."

मी तोंड उघडलं.

अहो, कोणाला आठवतं? कुठल्या नवऱ्याला आठवतं? गुडघे म्हणालो तर ते जिन्यात ऐकलेलं. दात म्हणालो तर ते वाटेत. त्याआधीचं, रोजचं, चहानंतरचं, एवढ्या वर्षांचं, मी डोकं खाजवतोय, दाराला कपाळ लावतोय, आणि हाताला काही लागत नाही. कापडाचे रंग आठवताहेत. दुसऱ्यांच्या सोफ्यांचे.

आतून तो सांगायला लागला. मोठ्याने नाही. तिच्या आईच्या आजारपणात ती कोणत्या खिडकीशी बसायची. आमचं पहिलं मूल गेलं, त्यानंतर कोणता वास तिला सोसेना. कुठली साडी तिने का पुरून टाकली. मी त्या वेळी समोरच असणार. मी प्रत्येकाला हुं म्हटलं असणार.

"तुम्हीच," ती म्हणाली. दारापासून तिची पावलं मागे गेली.

त्या दाराच्या फळ्या सुकून मध्ये फट पडलीय. मी डोळा लावला. एवढंच दिसलं: ती खाटेच्या कडेला बसली होती आणि तिचे दोन्ही हात पुढे होते, समोर बसलेल्याच्या तोंडावर. हाताखाली काय होतं, ते हातांनीच झाकलं होतं. तिचे अंगठे कपाळावरून खाली घसरले, आणि जिथं नाक यायला हवं तिथं आलं नाही. सपाट गेले. भिंतीवरून जावेत तसे. ती थबकली. अंगठे परत वर नेले, परत खाली आणले, सावकाश, कणीक सारखी करावी तशी. आणि या वेळी अंगठे एका उंचवट्यावरून चढून उतरले.

"हां," ती म्हणाली. "आता आठवलं."

७

दार माझ्या खांद्याने हललं नाही, कपाळ तेवढं फुटलं. पहार दुकानात होती. मी जिन्यावरून उड्या टाकत उतरलो, शिंप्याची मान मशीनवर होती, रस्ता ओलांडला, कुलुपाला किल्ली लागेना, लागली, पहार घेतली आणि परत पळालो. पाणी प्यायला लागतो त्याहून जास्त वेळ लागला नसेल.

जिन्याच्या तोंडाशी शिंप्याने मशीन थांबवलं.

"आता काय विसरलं, मिस्त्री?"

"काय?"

"आत्ताच तर दोघं गेलात. वहिनींना बाहेर नेलंत ते बरं केलंत, किती दिवसांत उन्हात आल्या नव्हत्या." मग त्याने पहारीकडे पाहिलं. "त्यांना कुठे बसवून आलात?"

"कोणाबरोबर गेली ती?"

"म्हणजे?"

"अरे, कोणाबरोबर गेली? तोंड बघितलंस का त्याचं?"

तो उठून उभा राहिला, मशीन मध्ये ठेवून. "मिस्त्री, तुमच्याबरोबर गेल्या. मी हाक मारली, तुम्ही मान वळवून हसलात. तुम्हाला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं, म्हणून तर लक्षात राहिलं."

मी गल्ल्या पालथ्या घातल्या. पाववाल्याने पाहिलं होतं, माझ्याबरोबर. शाळेच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने पाहिलं होतं, तिचा हात माझ्या कोपरात होता आणि मी तोंडाचा पट्टा सोडला होता म्हणे. मोठ्या रस्त्यापर्यंत सगळ्यांनी पाहिलं. त्यापुढे कोणी नाही. मी पुन्हा पुन्हा विचारायला लागलो तसे लोक मला उत्तर देईनासे झाले. एकाने दुकानाचं दार ओढून घेतलं.

कपाळाचं रक्त पुसायला आणि पोराला फोन करायला मी घरी आलो, तर तो आधीच आलेला. शिंप्याने बोलावला होता. मागच्या खोलीचं दार सताड उघडं, कडी शाबूत. खाटेवरची चादर नीट ओढलेली. आंधळी झाल्यापासून तिला तशी ओढता येत नाही.

मी त्याला सांगायला लागलो. हुंकाऱ्या, कानातली, अंगठे, सगळं. भराभर, कारण मोठ्या रस्त्यापुढे तीन वाटा फुटतात आणि ती आंधळी बाई त्यातल्या कुठल्या तरी एका वाटेने दर क्षणाला लांब चालली होती, कोपराला धरून, हसत.

तो माझ्या हातातल्या पहारीकडे बघत होता. मग शर्टाच्या बाहीवरच्या रक्ताकडे. आपण जिन्याकडचं दार आणि मी यांच्यामध्ये येऊ, असा तो सावकाश सरकला. लहानपणी मी मारायला उठलो की आईच्या पुढे उभा राहायचा, तसाच उभा राहिला. फक्त मागे आई नव्हती.

"बाबा," तो म्हणाला, "ती पहार खाली ठेवा. ठेवा. आता मला सांगा, आईला कुठे सोडलंत?"

"मला जाऊ दे," मी म्हटलं. "उशीर होतोय. मला जाऊ दे रे."

त्याने हात मागे नेला आणि दाराची कडी लावली.